पाळीत आराम हवाच का? १८७६ सालीच एका बाईने मोजून बघितलं होतं

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, मुलींनी पाळीच्या चार दिवसांत धावू नये, अभ्यासाचा ताण घेऊ नये, नाहीतर गर्भाशय कमजोर होतं वगैरे, आणि खाली ठोकून दिलंय 'सायन्सने सिद्ध'. अहो, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे आणि सायन्सने तेव्हाच उलटं उत्तर दिलंय.

ते देणारी बाई म्हणजे मेरी पटनम जेकोबी. जन्म १८४२, लंडन, वाढली अमेरिकेत. १८६४ ला फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली (तेच कॉलेज, जिथून १८८६ ला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या), तेवढ्याने समाधान होईना म्हणून पॅरिसला गेली, तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळवणारी पहिली बाई, आणि १८७१ ला डिग्री घेऊन आली ती न्यूयॉर्कला मुलींच्या मेडिकल कॉलेजात शिकवायलाच लागली.

१८७३ ला एडवर्ड क्लार्क नावाच्या हार्वर्डच्या बड्या डॉक्टरने पुस्तक काढलं. म्हणणं काय, तर अंगातली शक्ती मोजकीच, मुलीने पाळीत डोकं चालवलं की ती सगळी मेंदूत जाते आणि गर्भाशयाची वाढ खुंटते. पुस्तक धडाधड खपलं. मग हार्वर्डने ह्याच प्रश्नावर बक्षीस लावलं, निबंध निनावी पाठवायचे, आणि १८७६ चं बक्षीस गेलं जेकोबीला! त्याच हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने मुलींना घेतलं ते १९४५ ला.

आता माझा आवडता भाग, स्फिग्मोग्राफ. मनगटावर बांधायचं यंत्र. एक स्प्रिंग नाडीवर हलकी दाबून ठेवते, प्रत्येक ठोक्याला ती केसभर उचलली जाते, तिच्यावर टेकलेली लांब हलकी काडी ती हालचाल कितीतरी पट मोठी करते आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढतं, कागद घड्याळासारख्या चावीवर सरकत राहतो. रेघ आधी ताडकन वर जाते, मग सावकाश उतरते, आणि उतरताना मध्येच एक छोटी पायरी दिसते, ती हृदयातून बाहेर पडणाऱ्या महाधमनीची झडप बंद होते तेव्हाची. रेघेच्या चढ-उतारावरून धमनीतल्या ताणाचा अंदाज येतो. जेकोबीने अशा रेघा पाळीच्या आधी, पाळीत आणि नंतर काढल्या, जोडीला तापमान, लघवीतला युरिया आणि स्नायूंची ताकदही मोजली.

निघालं काय, तर महिन्याची एक लाट असते. पाळीच्या आधी सगळं चढत जातं, पाळी आली की उतरतं, पण ताकद काही ढासळत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरण भरत जातं, मग विसर्ग सोडतात आणि रामकुंडावर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं, तेव्हा धरण अशक्त झालं असं कोणी म्हणतं का? शिवाय तिने १००० प्रश्नावल्या वाटल्या, २६८ बायकांची उत्तरं आली. त्यात दुखण्याच्या तक्रारी होत्याच आणि तिने त्या झाकल्या नाहीत. तिचा निष्कर्ष नीट पोषण असलेल्या, निरोगी बायकांपुरता होता, त्यांना सक्तीच्या आरामाची गरज नाही एवढाच. ज्यांना असह्य दुखतं त्यांनी खुशाल पडून राहावं आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं, 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' म्हणणाऱ्यांकडे नाही.

कारण मात्र तिचं चुकलं. तिला वाटलं गरोदरपणासाठी जादा पोषण साठतं आणि त्याची ही लाट. हार्मोन्स तेव्हा कोणाला माहीतच नव्हते. तापमानाची ती चढण प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनमुळे येते, बीजांड सुटलं की हे हार्मोन वाढतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला शरीराचं तापमान थोडं वर सेट करायला लावतं, साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस. जेकोबी १९०६ ला गेली, प्रोजेस्टेरॉन शुद्ध रूपात हाती लागलं १९३४ ला. आज मोबाईलमधली काही पाळीची ॲप्स सकाळी उठल्याउठल्या तापमान विचारतात ना, ते हीच चढण शोधायला.