आयर्विन पुलाखालचे चाळीस फूट

पावसाळ्यात सांगलीत ओळखीची दोन माणसे भेटली, की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो: "पुलाला पाणी किती?" पूल म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा आयर्विन पूल. येथे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 45 फुटांवर गेले की धोका पातळी ओलांडली असे मानतात. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे अनुक्रमे 39 आणि 43 फूट आहेत. हे आकडे नदीची स्थिती सांगतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः 40 हा आकडा नदीला ठाऊक नसतो. तो माणसांनी कोरड्या दिवसांत, टेबलाभोवती बसून घेतलेला निर्णय असतो. आपत्कालीन नियोजनाचा गाभा मला तरी याच एका गोष्टीत दिसतो: ज्या वेळी विचार करायला सवड नसेल त्या वेळचा विचार आधीच करून ठेवणे आणि तो एखाद्या मोजता येणाऱ्या खुणेला बांधून टाकणे.

ही खूण कोठे ठेवायची, याचे गणित उलटे मोजावे लागते. एक काल्पनिक गाव घेऊ. गावातली सखल घरे नदी 47 फुटांवर गेल्यावर पाण्यात जातात, पण गावाला जोडणारा एकमेव रस्ता 43 फुटांनाच बुडतो. पाणी ताशी तीन इंचांनी चढते आहे आणि माणसे व जनावरे हलवायला दहा तास लागतात. दहा तासांत पाणी अडीच फूट चढेल, म्हणजे निघण्याचा आदेश साडेचाळीस फुटांवरच दिला पाहिजे. त्या क्षणी गावकऱ्याला आपल्या उंबऱ्यापासून पाणी साडेसहा फूट खाली दिसत असते आणि हलायला सांगणारा अधिकारी त्याला घाबरट वाटतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी बहुतेक गावे पाण्यात बुडण्याच्या आधी पाण्याने वेढली जातात. म्हणून घर केव्हा बुडेल यापेक्षा रस्ता केव्हा बंद होईल, हा प्रश्न आराखड्यात आधी यायला हवा.

साडेचाळीस फुटांवर दिलेला आदेश अनेकदा वाया जाणार, हेही उघड आहे. पाणी 42 फुटांवर थांबेल आणि "उगाच हलवले" म्हणून लोक चिडतील. हवामानशास्त्रात अशा निर्णयासाठी एक सोपा निकष वापरतात. स्थलांतराचा खर्च एक मानला आणि न हलल्यामुळे होऊ शकणारे नुकसान वीस मानले, तर पूर येण्याची शक्यता वीसात एकाहून थोडी जरी अधिक असली तरी हलणेच फायद्याचे ठरते. अशा निकषावर चालणारा चोख आराखडा पुष्कळदा चुकल्यासारखा दिसणार, हे त्या गणितातच अंतर्भूत आहे. अडचण एवढीच, की चुकलेल्या इशाऱ्यांचा राग लगेच येतो आणि टळलेले मरण कोणाला दिसत नाही.

नृसिंहवाडीला आधीच ठरवून ठेवलेल्या अशा खुणेचा एक जुना आणि फार सुंदर नमुना आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या संगमाकाठच्या दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात पाणी शिरू लागले, की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. त्यासाठी बैठक भरत नाही की कोणाची परवानगी मागितली जात नाही. खूण ठरलेली, जागा ठरलेली आणि नेणारी माणसेही ठरलेली. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे याच जातीचे आहेत. ठरावीक पातळीला पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि त्यांच्याशी वाटाघाटी करता येत नाहीत.

माणसे मात्र स्वतःशी वाटाघाटी करतात आणि त्यासाठी हाताशी सर्वांत सोयीचा पुरावा असतो तो मागच्या पुराचा. 2005 साली आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी ज्यांच्या घरात पाणी आले नव्हते, त्यांतले अनेकजण ऑगस्ट 2019 मध्ये "पाच सालीसुद्धा इथे आले नव्हते" असे म्हणत थांबले. या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. भिंतीवरची जुनी खूण म्हणजे आजवरचा अनुभव असतो, पण मन तिलाच नदीची मर्यादा समजते. सांगलीसारख्या सपाट प्रदेशात तर नदीपात्राबाहेर चढलेला एक फूट आडवा दूरवर पसरतो आणि आदल्या फुटापेक्षा कितीतरी अधिक घरे गाठतो.

पूररेषेच्या नकाशाबद्दलही असाच गैरसमज असतो. महाराष्ट्रात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानतात. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा तो हिशेब आहे. लाल रेषेवर तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाने त्या काळात असा पूर किमान एकदा पाहण्याची शक्यता सुमारे 26 टक्के येते, तर निळ्या रेषेवर ती 70 टक्क्यांच्या पुढे जाते.

2019 ने आणखी एक गोष्ट दाखवली, जी कागदावरच्या आराखड्यांत सहसा सुटते. आराखड्यात बोटी, औषधे, टँकर, जनरेटर यांच्या स्वतंत्र याद्या असतात आणि प्रत्येक यादी आपापल्या जागी बरोबर असते. पण या सगळ्यांवर घाला घालणारे पाणी एकच असते. कोल्हापूरला पाणी पुरवणारी शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे पुरात गेली आणि चहूकडे पाणी असताना शहराच्या नळांना पाणी उरले नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडून काही दिवस बंद राहिला, तेव्हा बाहेरून येणारे इंधन, दूध आणि मदतही अडली. म्हणून पर्यायी साधन केवळ असून भागत नाही. मूळ साधन ज्या कारणाने बंद पडेल, त्या कारणाच्या पोहोचेबाहेर ते असावे लागते. पंपाशेजारी त्याच पातळीवर ठेवलेला जनरेटर पंपाबरोबरच बुडतो.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या 31 व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्याने आपला आराखडा करावा आणि दर वर्षी त्याचा फेरआढावा घ्यावा, असे बंधन आहे. ही तरतूद चांगलीच आहे. मात्र फेरआढावा म्हणजे मुखपृष्ठावरचे साल बदलणे नव्हे. बोटीचे इंजिन मे महिन्यात पाण्यात उतरवून सुरू करून पाहिले का आणि यादीतल्या नावाड्याचा फोन लागतो का, हे त्यात तपासलेले असले पाहिजे. बोटीत किती माणसे बसवायची आणि ती संख्या कोण मोजणार, हेही आधीच ठरलेले हवे, कारण 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले.

जनावरांचा प्रश्न तर बहुतेक वेळा शेवटच्या पानावर ढकललेला आढळतो. दावणीला दोन म्हशी असलेला माणूस एकटा निघत नाही, याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे वर्षाचे उत्पन्न तेथे बांधलेले असते. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा आहे. 2021 च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 56 फुटांवर, म्हणजे 2019 च्याही वर गेली, तेव्हा तेथील अनेक कुटुंबे रस्ता चालू असतानाच गुरांसह निघाली. त्यांत आधी गुरे हलली आणि मग माणसे. आराखड्यांत छापलेला क्रम सहसा याच्या उलटा असतो.