टॅक्सी परमिट घेतलं म्हणजे सेल्फ ड्राइव्हचा धंदा सुरू होत नाही

"हप्त्यावर एक गाडी घेतोय, सेल्फ ड्राइव्हला द्यायची आहे. पिवळी पाटी घेऊ की काळी?" कमी भांडवलात गाड्या भाड्याने द्यायचा विचार करणारा जवळपास प्रत्येकजण हा प्रश्न विचारतो. उत्तरं देणारेही रंगावरच बोलत राहतात. कोणी सांगतं पिवळी घे, नंतर बदलता येते. कोणी सांगतं पांढरीच, म्हणजे खासगी गाडीचीच ठेव, कोण विचारतंय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा तर माणसाला कर्जात बुडवू शकतो.

पिवळ्या, म्हणजे टॅक्सीच्या नंबर पाटीबद्दल फार सांगायला नको. काळी अक्षरं, टूरिस्ट परमिट, ठरावीक काळाने पासिंग म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, व्यावसायिक विमा, आणि चाकावर मालक स्वतः किंवा त्याने ठेवलेला ड्रायव्हर. गाडी नवी असेल तर पहिलं फिटनेस दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. एका गाडीवर हा धंदा सुरू करता येतो आणि लाखो लोकांनी तसाच केला आहे.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. गोव्यात भाड्याने गाडी घेतलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे. ही गाडी ग्राहक स्वतः चालवतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकांची समजूत इथेच थांबते. पाटीचा रंग हा आधी झालेल्या कागदपत्रांचा परिणाम आहे. गोंधळ त्या कागदपत्रांत आहे.

परमिट गाडीला मिळतं. सेल्फ ड्राइव्हचं लायसन्स धंदा करणाऱ्याला मिळतं. सगळं अडखळतं ते याच जागी.

टॅक्सीचा कारभार गाडीभोवती फिरतो. गाडी दाखवली, कर भरला, परमिट मिळालं, झालं. दहा टॅक्स्या असलेला माणूस म्हणजे दहा वेळा परमिट घेतलेला माणूस. त्याच्याकडे ऑफिस आहे का, गाड्या कुठे उभ्या राहतात, याच्याशी त्या परमिटचा फारसा संबंध येत नाही.

सेल्फ ड्राइव्हसाठी मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये वेगळं कलम आहे, 75 वं. त्याखाली केंद्र सरकारने 1989 साली रेंट-अ-कॅब योजना आणली. या योजनेत लायसन्स मागणाऱ्याची तपासणी होते: त्याच्याकडे किमान 50 कॅब हव्यात, त्यांना अखिल भारतीय टूरिस्ट परमिट हवं, निम्म्या तरी वातानुकूलित हव्यात, गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्तीला जागा हवी, आर्थिक कुवत हवी. मग पाच वर्षांचं लायसन्स मिळतं. नीट वाचलं तर लक्षात येईल की टूरिस्ट परमिट इथेही लागतंच. म्हणजे काळी पाटी हा पिवळीला पर्याय नाही. गाडीचे टॅक्सीचे कागद आधी, आणि त्यावर धंद्याचं लायसन्स. "पिवळी की काळी" हा प्रश्नच त्यामुळे चुकतो. पहिला कागद गाडी चालवून पैसे कमावायला पुरतो, पण गाडी दुसऱ्याच्या हवाली करायला पुरत नाही.

इतकी जास्त अट का, असं अनेकांना वाटतं. गाडी कोणाच्या ताब्यात असते, यात त्याचं कारण आहे. टॅक्सीत ग्राहक मागे बसतो आणि गाडी मालकाच्या माणसाच्या हातात राहते. सेल्फ ड्राइव्हमध्ये चावी दिली की गाडी तीन दिवस कुठे आहे, कोण चालवतंय, किती वेगाने, हे मालकाला दिसत नाही. अपघात झाला, गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याच्याच दारात येतात. ई-चलानही त्यालाच येतं. म्हणून कायदा गाडीसोबत गाडी देणाऱ्यालाही तपासतो आणि भाड्याच्या नोंदी ठेवायला लावतो. 50 हा आकडा छोट्या माणसाला बाहेर ठेवतो, हे मला मुळीच पटत नाही. पण देणाऱ्याची जबाबदारी निश्चित करण्यामागचा विचार बरोबर आहे. जे या तपासणीला नुसती सरकारी कटकट म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही.

वाहन चालवण्याच्या लायसन्सबद्दलची भीती मात्र विनाकारण आहे. "ग्राहकाकडे बॅज नाही, मग तो व्यावसायिक गाडी कशी चालवणार?" असं विचारलं जातं. कायद्याच्या कलम 3 मध्येच स्वतःच्या वापरासाठी भाड्याने घेतलेली मोटार कॅब किंवा कलम 75 च्या योजनेतली गाडी व्यावसायिक गाडी चालवायला लागणाऱ्या वेगळ्या परवानगीच्या अटीतून वगळली आहे. साधं चारचाकीचं लायसन्स पुरतं. ते मुदतीत आहे का, हे बघणं तुमचं काम.

आता पांढरी पाटी. कमी भांडवलाचा विषय निघाला की सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. हिशेब असा मांडला जातो: खासगी गाडीचा विमा स्वस्त, परमिटचा खर्च नाही, दरवेळी पासिंगला जायचं नाही, आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवार-रविवारी भाड्याने दिली की हप्ता सुटतो. या हिशेबात खर्च खासगी गाडीचा आणि उत्पन्न व्यावसायिक गाडीचं धरलेलं असतं.

खासगी गाडीच्या विम्याची पॉलिसी हातात घ्या आणि वापराच्या मर्यादा लिहिलेला परिच्छेद वाचा. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर त्यातून स्पष्ट वगळलेला असतो. ग्राहकाने गाडी ठोकली आणि पोलिसांपुढे "भाड्याने घेतली होती" असं सांगितलं, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. समोरचा माणूस जखमी झाला असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. विनापरमिट भाड्याचा वापर हा कायद्याने विमा कंपनीला दिलेला बचाव आहे. न्यायाधिकरणाने कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली, तरी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायची मुभाही तिला मिळू शकते. जखमी व्यक्तीच्या आयुष्यभराच्या उत्पन्नाचा हिशेब करून ठरलेली ही रक्कम असते. एका गाडीच्या मालकाचं घर त्यात जातं. शिवाय परमिटशिवाय व्यावसायिक वापर केल्याबद्दल कलम 192 अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

"मित्राला दिली होती असं सांगायचं" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आगाऊ भाड्याचे पैसे यूपीआयने आलेले असतात, व्हॉट्सअॅपवर दर ठरलेला असतो. खोटा जबाब टिकत नाही आणि त्यात तो अनोळखी ग्राहकही अडकतो.

मग थोडक्या पैशात सुरुवात करणाऱ्याने काय करायचं? एकच चारचाकी परवडत असेल तर माझं मत सरळ आहे: पिवळी पाटी घ्या आणि ड्रायव्हरसह भाड्याने द्या. पांढरी गाडी आधीच घेतली असेल तर ती व्यावसायिक नोंदणीत बदलता येते. कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत लागते, कराचा फरक भरावा लागतो आणि विमाही नव्याने घ्यावा लागतो. नुसती पाटी बदलून जुना विमा चालू ठेवणारे पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात.

सेल्फ ड्राइव्हच करायचं असेल तर ज्याच्याकडे योजनेचं लायसन्स आहे त्याच्या ताफ्यात गाडी लावायचा मार्ग उरतो. पण इथेही लोक टक्केवारीवर तासभर घासाघीस करतात आणि लायसन्स बघायला विसरतात. ते कोणाच्या नावावर आहे, कधी संपतं, कोणत्या पत्त्यासाठी दिलंय आणि तुमची गाडी त्या ताफ्यात नोंदली जाणार आहे का, हे स्वतः वाचा. "आमचं सगळं कायदेशीर आहे" एवढ्या वाक्यावर गाडीची चावी देऊ नका. एखादा एजंट एकाच गाडीवर काळी पाटी करून देतो म्हणाला, तर ती कोणाच्या लायसन्सखाली, असं विचारा. उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा.

आणि चारचाकीचा हट्ट नसेल तर दुचाकीकडे बघा. कमी भांडवलाच्या माणसासाठी मला हाच रस्ता सगळ्यात पटतो, आणि त्याबद्दल इतकं कमी का बोललं जातं ते कळत नाही. त्याच कलम 75 खाली 1997 साली रेंट-अ-मोटारसायकल योजना आली. तिच्यात किमान संख्या 50 नाही, पाच आहे. पाच स्कूटर उभ्या करणं एका चारचाकीच्या कर्जात बसू शकतं. तपासणी इथेही धंदा करणाऱ्याचीच होते, लायसन्स इथेही त्याच्याच नावाने मिळतं, म्हणजे वर सांगितलेला फरक तसाच लागू आहे. फक्त उंबरठा सामान्य माणसाला ओलांडता येईल एवढा आहे. अर्ज करायच्या आधी गाड्या उभ्या करायची जागा नक्की करा. भाडेकराराचा कागद नसेल तर काम तिथेच अडतं.

गाड्या एकाच मॉडेलच्या घ्या. पाच कंपन्यांच्या पाच स्कूटर घेतल्या की प्रत्येकीचे ब्रेक शू, बेल्ट, आरसे वेगळे ठेवावे लागतात आणि ऐन सुट्टीच्या गर्दीत एक सुटा भाग नाही म्हणून गाडी बसून राहते. प्रत्येक गाडीबरोबर हेल्मेट दोन द्या. कलम 129 प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, आणि चलान आलं तर ते तुमच्याच नावावर येईल.