रान पांढरं कशानं झालं

उन्हाळ्यात कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात रायबाग-अथणीकडं जावा, काही रानांत मीठ सांडल्यागत पांढरं दिसतं. तिथं एकेकाळी ऊस होता, आता हरळीपण धड येत नाही. लोक म्हणतात शेतकऱ्यानं हाव केली, खरं गोष्ट तेवढी सोपी नाही.

1966 ला फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेनं आयआर-8 हे बुटकं भात काढलं, त्याला खत पायजे, पाणी पायजे, आणि धान्याची टंचाई बघितलेल्या आशियातल्या बऱ्याच सरकारांनी मग खत-पाणी-वीज स्वस्त करून दिली. त्यावेळी ते बरोबरच होतं म्हणा, उपाशी माणसाला जमिनीचा पोत कोण सांगणार. आपल्याकडं घटप्रभेवरचं हिडकल धरण 1977 ला पूर्ण झालं, कॅनल आले, शाळूच्या काळ्या रानात ऊस उभारला. काळ्या रानातनं पाणी लवकर निचरत नाही हे म्हाताऱ्यांना माहीत होतं, खरं पाणी आणायला पैसे मिळाले तसे साचलेलं पाणी काढायचे चर मारायला कोण देणार? पाणी साचत गेलं आणि खालचे क्षार वर आले.

खताची गंमत वेगळीच. 1992 ला सरकारनं स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांच्या किमती मोकळ्या केल्या, युरियाची, म्हणजे नत्राच्या खताची, किंमत तेवढी बांधून ठेवली. 2010 ला अनुदानाची पद्धत बदलली तेव्हापण युरिया बाहेरच. म्हणून युरियाचं 45 किलोचं पोतं 266.50 रुपयांना आणि डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, 50 किलो 1350 ला. नत्र-स्फुरद-पालाश 4:2:1 असावं म्हणतात, खरं दुकानात खिसा बोलतो, आमचे काका तर पान जरा पिवळं दिसलं की लगेच म्हणतात, टाक अजून एक पोतं. वरनं 10 एचपीपर्यंत पंपाला वीज फुकट, ती कधी येईल नेम नाही, मग वीज आली की पंप आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर लावून झोपायचं, पाणी रात्रभर वाहतंय.

अशी सवय मोडायचं दुसऱ्या देशांनीपण बघितलंय. इंडोनेशियात फवारणीनं तुडतुड्यांना खाणारे किडेच मरतात आणि तुडतुडे वाढतात हे कळल्यावर 1986 ला भातावरची 57 कीटकनाशकं बंद केली, अनुदानपण हळूहळू काढलं, सोबत गावोगाव शेतीशाळा घेतल्या. श्रीलंकेनं मे 2021 ला रासायनिक खताची आयात तडकाफडकी बंद केली आणि नोव्हेंबरात माघार घेतली, शिकवायला वेळच कुठं दिला.

आमच्या शिवारात चौघांनी मिळून निचऱ्याचे भोकाचे पाईप पुरायचं ठरवलंय. पाणी ओढ्याला सोडायला खालच्या दोन रानांतनं जावं लागतंय, बांधावरनं तिथंच बोलणं अडकलंय.