स्टँडवर कोण दिसतं?

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला जाताना नर्सिंगच्या मुली एस्टीत गाणी म्हणत असतात. परतताना बहुतेक जणी खिडकीबाहेर बघत बसतात. मनोरुग्णालय म्हटलं की आमच्या कोकणपट्टीत एकच गाव आठवतं. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी रत्नागिरीचं 1886 सालचं. बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. घरात कुणी चारचौघांपेक्षा वेगळं वागलं की 'ह्येका रत्नागिरीक पाठवूक व्हया' हे ऐकतच या मुली मोठ्या झालेल्या. तेव्हा वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच त्यांचा निम्मा अभ्यास झालेला असतो, आणि तो चुकीचा असतो.

मागे एका पोस्टिंगहून आल्यावर एक विद्यार्थिनी वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिला नेमून दिलेली बाई रोज सकाळी चादरीचं एक टोक हातात घेऊन त्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. पंधरा वर्षं वॉर्डात. वहीत सगळं नीट लिहिलं होतं. "मॅडम, खरं सांगू? यातलं कुणी बरं होतच नाही."

मुलगी खोटं बोलत नव्हती. जे दिसलं तेच तिनं सांगितलं. चूक तिच्या डोळ्यांची नव्हती, हिशेबाची होती, आणि हा हिशेब भल्याभल्या डॉक्टरांचाही चुकतो.

दुपारी कुठल्याही एस्टी स्टँडवर जाऊन बघा. ज्यांच्या गावाला सारख्या गाड्या आहेत ती माणसं आली नि गेली. बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले असतात ते दिवसातून एकच गाडी जाणाऱ्या वाडीचे. त्यांच्याकडे बघून 'या तालुक्यात गाड्याच नाहीत' म्हटलं तर कंडक्टर हसेल.

आता एक वॉर्ड कल्पनेतला घेऊ. वर्षाला बारा रुग्ण दाखल होतात. त्यातले अकरा महिनाभरात सुधारून घरी जातात, एक दहा वर्षं राहतो. असं बरीच वर्षं चाललं तर एखाद्या दिवशी वॉर्डात कोण दिसेल? दीर्घकाळ राहणारे दहा जण, कारण दर वर्षीचा एकेक साचत गेला. आणि महिनाभरवाले? अकरा जण एकेक महिना, म्हणजे सरासरी एकच. दाखल होणाऱ्या बारांपैकी अकरा घरी गेले, तरी वॉर्डात शिरणाऱ्या मुलीला अकरांपैकी दहा जण 'कधीच न जाणारे' दिसणार. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या दोघा संशोधकांनी 1984 साली या चकव्याला नाव दिलं: क्लिनिशियन्स इल्युजन. उपचार करणाऱ्याला होणारा भास. जो बरा झाला तो परत तोंड दाखवत नाही, म्हणून डॉक्टरच्या आठवणीत न बरे झालेलेच उरतात.

आणि ते उरलेले तरी कायमचे उरतात का? अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयातून 1950 च्या दशकात बाहेर पडलेल्या 269 जणांचा माग कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. सरासरी 32 वर्षांनी. ही माणसं मागच्या वॉर्डातली, सगळ्यांनी आशा सोडलेली. 1987 साली छापून आलेला निष्कर्ष असा की त्यांतले निम्मे ते दोन तृतीयांश बरेच सुधारले होते किंवा बरे झाले होते. घरी पाठवण्याआधी त्यांना कामाचं, राहण्याचं वळण लावलं होतं, हेही सांगायला हवं. नुसतं दार उघडून हे झालेलं नाही.

हे वर्गात नुसतं सांगून भागतं का? नाही. पेपरात मार्क वाढतात, भीती तशीच राहते. 'हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखाच' हे वाक्य आम्ही सगळे शिक्षक वर्षानुवर्षं घोकत आलो. त्यानं रुग्णाला दोष देणं कमी होतं, हे खरं. पण अभ्यासांत असंही दिसलं की निव्वळ जैविक कारण सांगितलं की 'मग हा काही सुधारायचा नाही' ही समजूत वाढू शकते. मेंदूच बिघडला म्हणजे संपलं, असं ऐकणारा धरून चालतो.

दुसरा प्रयोग कानाला हेडफोन लावून करतात. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात ऐकू येतात तसे आवाज विद्यार्थ्याला ऐकवायचे आणि त्याच वेळी त्याच्याकडून साधं काम करून घ्यायचं. सहानुभूती वाढते. पण काही अभ्यासांत त्याबरोबर रुग्णापासून चार हात लांब राहावं ही इच्छाही वाढलेली दिसली. मला यात नवल वाटत नाही. अर्धा तास घाबरवलेलं पोर जवळ कशाला जाईल?

त्यातल्या त्यात टिकाऊ फरक पडतो तो प्रत्यक्ष ओळखीनं, पण कशाही ओळखीनं नव्हे. अमेरिकेतल्या वांशिक पूर्वग्रहांचा विचार करताना मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये अटी घातल्या होत्या: दोघांची पायरी सारखी हवी, काम एकत्र करायचं हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. वॉर्डात इस्त्रीचा युनिफॉर्म एकीकडे आणि दवाखान्याचे कपडे दुसरीकडे. पायरी सारखी कुठली?

म्हणून मानसिक आजारातून सावरलेल्या एका मासेवालीला आम्ही वर्गात बोलावलं. तिला खुर्ची माझी दिली, मी मागच्या बाकावर. आजार तिनं दोन वाक्यांत उरकला. मुलींना वाटलं होतं ती आवाजांबद्दल बोलेल; ती बोलली गोळ्यांबद्दल. "पयले दोन म्हयने माका कोयती धरूक जमाक नाय. बांगडो कापूचो की बोट, ह्याच कळा नाय." मग मी मागून एवढंच सांगितलं की ही गोळी मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाला अडवते, पण हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही अडवते, म्हणून हात थरथरतो. डॉक्टरांनी डोस बदलला, हात थांबला. पुस्तकातली अर्ध्या पानाची दुष्परिणामांची यादी मुलींना त्या दिवशी एका कोयतीत कळली.

मग ती चिडून म्हणाली की पोटात दुखतंय असं सांगितलं तर दवाखान्यात जुने कागद बघून 'टेन्शन घेऊ नको' म्हणत परत पाठवलं. पित्ताशयात खडे निघाले. या चुकीला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात: मनाच्या आजाराची सावली शरीराच्या तक्रारीवर पडते. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. उलटी चूकही आमच्याकडे होते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या तापात बरळणाऱ्या माणसाला 'बाहेरचं लागलं' म्हणून आधी भगताकडे नेतात. अचानक सुरू झालेली भ्रमिष्ट अवस्था ही शरीराची आणीबाणी, हे नर्सला तिथल्या तिथे ओळखता यायला हवं.

आणि स्टँडपर्यंत न पोचलेल्यांचं काय? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. ते बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. पण वर्ग सुटल्यावर दाराशी घुटमळणाऱ्या मुली मला दर वर्षी भेटतात. "मॅडम, माझ्या मावशीला..." अशी सुरुवात असते, आणि कधी कधी मावशी वगैरे कुणी नसतेच. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मी तेव्हा फळ्यावर लिहीत नाही, वहीच्या कोपऱ्यात लिहून देते.

मासेवालीचं बोलणं मात्र अर्धंच राहिलं. वही घेऊन उभी राहिलेली तीच विद्यार्थिनी विचारत होती, "काकी, तुम्ही पुन्हा आजारी पडाल अशी भीती..." तेवढ्यात काकीनं घड्याळ बघितलं आणि टोपली उचलली. संध्याकाळच्या लिलावाआधी बंदरावर पोचायचं होतं आणि तिच्या वाडीला गाडी एकच.