विद्यार्थी-पॉडकास्ट (अकादमिक इंग्रजीच्या अध्यापनात)

चालू घडामोडींतील एखादा प्रश्न निवडून विद्यार्थ्यांनी त्यावर वाचन करायचे, इंग्रजीत संहिता लिहायची, ती आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि पाच ते दहा मिनिटांचा भाग वर्गाला ऐकवायचा, अशी भाषा-अध्यापनाची एक रीत. काम सहसा दोघा-तिघांचा गट करतो. यातून शिकवायची असते ती अहवाल, शोधनिबंध, व्याख्यान आणि परीक्षेतील दीर्घोत्तर यांची इंग्रजी. ‘फाडफाड इंग्रजी’चे फलक लावणारे क्लास जे विकतात, त्याच्याशी हिचा फारसा संबंध नाही. फाडफाड बोलणाऱ्याला थांबवून ‘हे कोण म्हणतंय आणि कशावरून?’ असे विचारले, की अकादमिक इंग्रजीचा प्रांत सुरू होतो.

पार्श्वभूमी : रोजच्या बोलण्याची भाषा आणि शिक्षणव्यवहाराची भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत, ही मांडणी जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केली. कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखवले, की पहिली क्षमता दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. १९८५ मध्ये मेरिल स्वेन यांनी त्यात भर घातली. भाषा नुसती ऐकून-वाचून पक्की होत नाही. स्वतः वाक्य बनवताना आपल्याला काय म्हणता येत नाही ते कळते, तेव्हा शिकणे पुढे सरकते, असे त्यांचे म्हणणे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सुमारे ३५ लाख शब्दांच्या अकादमिक मजकुरातून ५७० शब्दकुलांची (एका मूळ शब्दापासून झालेल्या रूपांच्या गटांची) यादी काढली. ॲनलाइज, इंडिकेट, फॅक्टर, एस्टिमेट, सिग्निफिकंट हे तिच्या पहिल्या गटातले शब्द. बातमी समजावून सांगायला बसलेल्या विद्यार्थ्याला हेच शब्द पावलोपावली लागतात.

पॉडकास्ट हे माध्यम २००४ च्या सुमारास रुळले आणि पुढच्याच वर्षी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. आपल्याकडे ते वर्गाच्या आवाक्यात आले २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. चालू घडामोडी आणि इंग्रजी यांची सांगड मात्र सातारा-सांगलीच्या या पट्ट्याला परकी नाही. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेले ‘सुधारक’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

गरज कुठे पडते : सातारा आणि सांगली हे जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यातले. माण, खटाव, जत, आटपाडीकडून येणारा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात किंवा सेमी इंग्रजीत शिकलेला असतो. अकरावी सायन्सला त्याच्या हातात एकदम इंग्रजी पुस्तके पडतात, इंजिनिअरिंगला तर पर्याय जवळजवळ नसतोच. त्याला व्याकरण येत नाही असे नाही. नियम पाठ असतात, गाळलेल्या जागा बिनचूक भरता येतात. पण एका लेखकाचे म्हणणे आणि त्याला छेद देणारी आकडेवारी शेजारी ठेवून चार वाक्ये लिही म्हटले, की पेन अडते. नव्या शैक्षणिक धोरणात भाषेला क्षमतावृद्धी अभ्यासक्रमाचे घर मिळाले आहे आणि अंतर्गत मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहे. पॉडकास्ट तिथे बसतो.

विषयाची निवड : परगावची बातमी घेतली तर विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्रातली वाक्येच उचलतो, कारण त्याच्याजवळ स्वतःचे दुसरे काही नसते. घरची बातमी घेतली की चित्र पालटते. उसाच्या दराचेच पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरवली. वाळवा किंवा पलूस तालुक्यातल्या मुलीला ठाऊक असते, की हिशेब टनावर होतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि भांडण पेटते ते पहिल्या उचलीवर, म्हणजे दराच्या पहिल्या हप्त्यावर. हे सगळे इंग्रजीत परक्या श्रोत्याला कळेल असे सांगायचे, म्हणजे व्याख्या द्यायची, प्रक्रिया क्रमाने लावायची, कारण आणि परिणाम वेगळे करायचे. अकादमिक लेखनाची निम्मी कौशल्ये इथेच वापरात येतात. शिवाय या विषयात शिक्षकापेक्षा विद्यार्थिनीला जास्त कळते. इंग्रजीच्या तासाला असा प्रसंग दुर्मीळच.

कृष्णेचा पूर : या पद्धतीसाठी सांगलीत याहून चांगला विषय सापडणे कठीण. दर पावसाळ्यात शहराचे लक्ष आयर्विन पुलावरच्या पाण्याकडे लागते. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. कट्ट्यावर याचे उत्तर एका वाक्यात मिळते : अलमट्टीमुळे सांगली बुडाली. म्हणजे कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने (बॅकवॉटरने) पाणी मागे चढले. विद्यार्थ्याची पहिली संहिताही याच वाक्याने सुरू होते आणि इंग्रजीत ते व्याकरणदृष्ट्या अगदी शुद्ध असते. अडचण शुद्धतेची नाही.

मग वाचन सुरू होते. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची साठवण पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कर्नाटकाला मुभा दिली. महाराष्ट्राचा, त्यातही सांगली-कोल्हापूरचा, या उंचीवाढीला विरोध आहे. उलट बाजूला, २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही; अतिवृष्टी आणि नदीपात्रातले अडथळे, अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. हा निष्कर्ष मान्य नसलेले अभ्यासू लोक सांगलीतच आहेत. त्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा मुद्दा असतोच. आता तेच वाक्य तीन तुकड्यांत फुटते : रहिवाशांचे म्हणणे काय, समितीचा निष्कर्ष काय, आणि दोन्हींतून किती सांगता येते. ‘सम रेसिडेंट्स आर्ग्यू दॅट’, ‘द कमिटी अट्रिब्यूट्स द फ्लड टू’, ‘द बॅकवॉटर मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड’ ही वाक्यरचना पुस्तकातून पाठ करायला दिली तर कुणी लक्षात ठेवत नाही. आपल्याच गावाच्या पाण्याबद्दल बोलताना मात्र ‘मे’ आणि ‘मस्ट’ यांतला फरक लगेच कळतो, कारण चुकीचा शब्द वापरला तर वर्गातला दुसरा पूरग्रस्त हात वर करतो.

आकड्यांचेही तसेच. बातम्यांत क्युसेक आणि टीएमसी एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात. क्युसेक हा प्रवाहाचा दर, सेकंदाला इतके घनफूट. टीएमसी हा साठा, म्हणजे अब्ज घनफूट. एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, हे त्याशेजारी ठेवले की इंग्रजीत तुलना करायची सोय होते आणि ‘प्रचंड’, ‘भयानक’ या अर्थाची विशेषणे आपोआप गळतात. इंग्रजीच्या शिक्षकाने हे गणित फळ्यावर करायला लाजू नये.

वाचन मराठीतून करू द्यावे की नाही यावर मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदकाराच्या मते जरूर करू द्यावे. धरणांची माहितीपत्रके, स्थानिक दैनिके, शेतकऱ्याची मुलाखत हे सगळे मराठीत. ज्या मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालत आले आहे, तोही हाताशी आहे. मराठीत समजून घेऊन इंग्रजीत मांडताना शब्दाला शब्द ठेवता येत नाही, आशय पुन्हा रचावा लागतो. परिच्छेद चिकटवण्याची वाट त्यामुळे बरीचशी बंद होते.

निबंधापेक्षा वेगळेपण : श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. म्हणून आपण कुठून निघालो, आता कुठे आहोत आणि पुढे काय येणार, हे बोलणाऱ्याला वाक्यातच सांगावे लागते. तळटीप देता येत नसल्याने आधारही वाक्यात आणावा लागतो, आणि ‘अकॉर्डिंग टू’ दहाव्यांदा आले की विद्यार्थी स्वतःहून रिपोर्ट्स, क्लेम्स, ॲडमिट्स, कन्सीड्स यांतली छटा शोधू लागतो. इंग्रजी मिनिटाला १३० ते १५० शब्दांच्या गतीने बोलले तर सहा मिनिटांना आठशे-नऊशे शब्द पुरतात. लांब संहिता भराभर वाचून वेळेत बसवणे हा नेहमीचा दोष आहे. अशी संहिता परत द्यावी.

उच्चारांत सर्वाधिक अडते ते आघातापाशी, म्हणजे शब्दातल्या एखाद्या अवयवावर दिल्या जाणाऱ्या जोरापाशी. मराठीत शब्दातील आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जात नाही. अकादमिक शब्दांत तर कुल एकच असून आघात जागा बदलतो : ‘ॲनलाइज’मध्ये पहिल्या अवयवावर, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, ‘ॲनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर. आपलेच ध्वनिमुद्रण ऐकताना हे जितके टोचते तितके शिक्षकाने सांगून टोचत नाही. विलायती लकब मात्र कुणाकडूनही मागू नये. सांगलीची इंग्रजी सांगलीची वाटली तर बिघडत नाही, ऐकणाऱ्याला कळली म्हणजे झाले.

साधने : एक मोबाइल, तारेचा इयरफोन, आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर. पंखा बंद करावा. वसतिगृहाच्या खोलीत खिडकीवर गोधडी टाकली की घुमणे बरेच कमी होते. मोनो, ६४ केबीपीएसवर दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो आणि व्हॉट्सॲपवर सहज जातो. कॉलेजने यासाठी स्टुडिओ बांधण्याची घाई करू नये.

नियम : माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी या संस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून आहे. तिथे किंवा कॉलेजच्या एफएम केंद्रावर हे भाग लावावेत असे सुचते. पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी प्रसारित करण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पॉडकास्टला त्या परवान्याची अट लागू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनासाठी आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी सवलती आहेत. चित्रपटातले गाणे सुरुवातीला लावून भाग सार्वजनिक करणे मात्र त्यात बसेल असे धरून चालू नये. अकरावी-बारावीतली मुले अठरा वर्षांच्या आतली असतात, त्यांचा आवाज बाहेर जाणार असेल तर पालकांची संमती घ्यावी.

मूल्यमापन आणि मर्यादा : गुण कशाला द्यायचे यावर सगळे अवलंबून असते. सुरुवातीच्या संगीताला आणि निवेदकाच्या रुबाबाला गुण दिले, की पुढच्या वेळी मुले तेवढेच करतात. पहिल्या आणि शेवटच्या संहितेत काय बदलले, दावे किती सौम्य किंवा नेमके झाले, आधार खरे आहेत का, हे तपासणे कंटाळवाणे आहे, पण शिकणे तिथेच दिसते. यासाठी दोन्ही संहिता आणि आधारांची वही जमा करून घेतात.

चॅटजीपीटी आल्यापासून सफाईदार संहिता दोन मिनिटांत तयार होते. त्यावर बंदी घालून उपयोग होत नाही. भागाच्या शेवटी दोन मिनिटे संहितेशिवाय ठेवायची आणि दुसऱ्या गटाने प्रश्न विचारायचे, हा उपाय बरा चालतो. ज्याने वाचलेले असते तो अडखळत का होईना उत्तर देतो.

गटात बरी इंग्रजी येणाऱ्याकडे माइक आणि बाकीच्यांकडे टायपिंग, अशी वाटणी होऊन बसते. दर भागाला कामे फिरवावी लागतात. काही मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांचा कॉलेजबाहेरचा वेळ कामात जातो. त्यामुळे ध्वनिमुद्रण तासाच्या वेळेतच उरकणे न्याय्य ठरते.

आणखी एक अडचण आहे, ती फारशी कुणी लिहीत नाही. या पट्ट्यात साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था यांचे अध्यक्ष पुष्कळदा एकाच घरातले असतात. उसाच्या दरावरचा भाग कुठवर जाऊ द्यायचा, हा प्रश्न मग भाषेचा राहत नाही. अनुभवी शिक्षक अशा वेळी भाग वर्गापुरता ठेवतात, विषय बदलत नाहीत. त्याच संहितेत ‘कारखाना पैसे बुडवतो’ याच्या जागी ‘नोव्हेंबरअखेर इतकी रक्कम थकीत असल्याचे साखर आयुक्तालयाच्या अहवालात नोंदले आहे’ असे इंग्रजी वाक्य आले, तर तो भाग बाहेर पाठवायलाही कुणाची फारशी हरकत येत नाही.