घडीचं झाकण की शटर? पिकअपच्या हौद्यावर काय बसवावं

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एखाद्या ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन "पिकअपसाठी हार्ड कव्हर दाखवा" म्हणा. काउंटरवरचा माणूस मोबाइलवर दोन फोटो दाखवेल. दोन्ही झाकणं काळी, ॲल्युमिनियमची, हौद्याच्या काठाला सपाट बसलेली. भाव विचारलात की एकाला "फोल्डिंग" आणि दुसऱ्याला "रोलर" म्हणेल, आणि पुढे "दोन्ही सेमच आहे साहेब, तुम्हाला कुठलं आवडतं ते घ्या" असं ऐकवेल.

मी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप चालवतो आणि माझ्या हौद्यावर घडीचं झाकण आहे. घाटकोपरला माझ्या भाऊजींचं एसी सर्व्हिसिंगचं काम आहे, त्यांच्या गाडीवर शटर, म्हणजे दुकानदाराचं "रोलर" आहे. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनला आजही फरक सांगता येत नाही. पण झाकण उघडलं की ते जातं कुठे, तेवढंच बघा. बाकीचे बहुतेक फरक तिथूनच निघतात.

आधी बाकीचे प्रकार बाजूला काढू. काही झाकणं दिसायला घडीची असतात, पण वर रेक्झिनसारखं कापड ताणलेलं असतं. बोटाने टिचकी मारली की कळतं. ते ताडपत्रीचं सुधारलेलं रूप, कटरने फाटतं. आणखी एक अख्खं एका तुकड्याचं फायबरचं झाकण येतं. ते डिकीसारखं वर उचलतं, दिसायला सर्वांत देखणं, पण उंच सामान घ्यायचं झालं की अडचण. त्या दोघांबद्दल इथे एवढंच.

घडीच्या झाकणात तीन किंवा चार टणक फळ्या असतात. वर-खाली ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मधे फोम, किंवा फायबरची फळी. फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, जोडावर रबर. फाळक्याकडची, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराकडची फळी उचलायची, पुढच्या फळीवर टाकायची, मग ती जोडी तिसरीवर. सगळं झाकण हौद्याच्या काठावर क्लॅम्पनी धरलेलं असतं, त्यामुळे बहुतेक मॉडेलांत गाडीला भोक पाडावं लागत नाही. दोन माणसांनी क्लॅम्प सोडले की अख्खं झाकण उचलून घरी ठेवता येतं.

इथे एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. घडी घातल्यावर ती राहते कशी? काही झाकणांची घडी पुढच्या फळीवर आडवी पडून राहते. म्हणजे तीन फळ्यांच्या झाकणात हौद्याचा पुढचा एक तृतीयांश भाग झाकलेलाच. काहींची घडी केबिनच्या मागच्या काचेला टेकून उभी राहते आणि टेकूने किंवा पट्ट्याने बांधता येते. मग हौदा पूर्ण मोकळा, पण आतल्या आरशातून मागचं दिसणं बंद. ज्या गाड्यांचा तिसरा ब्रेक लाइट केबिनच्या मागे वर असतो, तिथे तोही झाकला जात नाही ना, हे बघून घ्या. आम्ही दादरहून मुलुंडला फ्रिज आणला तेव्हा मला हा फरक नीट कळला. माझी घडी आडवी पडणारी. फ्रिज उभाच न्यायचा होता आणि केबिनला टेकवून बांधायचा होता, पण तिथे झाकणाची थप्पी. शेवटी रस्त्यावर उभं राहून क्लॅम्प सोडले आणि झाकण जिन्याखाली ठेवून निघालो. पंधरा मिनिटं गेली. शटर असतं तर तेही करता आलं नसतं, कारण ते असं रस्त्यात उतरवता येत नाही.

शटर दुकानाच्या शटरसारखंच. ॲल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, दोन्ही बाजूंच्या पन्हळीतून सरकतात आणि केबिनमागच्या पेटीत गुंडाळल्या जातात. फाळक्यापाशी उभं राहून एका हाताने ढकलायचं. हवं तिथे, अर्ध्यावर, पाऊण भागावर थांबतं. भाऊजींच्या पोरांना दिवसातून वीसदा पाना नाहीतर तांब्याची पाइप काढायची असते. वीतभर उघडलं, हात घातला, बंद. घडीच्या झाकणाला इतक्यांदा हात लावायला कंटाळा येतो.

पण ती पेटी हौद्यातच बसते, हे फोटोत दिसत नाही. डबल कॅब, म्हणजे सीटांच्या दोन रांगांच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब. पेटी मॉडेलप्रमाणे त्यातली पंचवीस-तीस सेंटीमीटर खाते, म्हणजे सहावा ते पाचवा हिस्सा. पेटीखाली थोडी जागा उरते, तिथे दोरी, जॅक, पाण्याचा कॅन जातो. आंब्याच्या पेट्या मात्र एकावर एक लावता येत नाहीत. ज्याला वर्षातून दोनदा कोकणात जाऊन हौदा भरभरून आणायचा आहे, त्याला हा सहावा हिस्सा फार खुपतो.

आता पाणी. मुंबईत हाच खरा विषय आहे.

साधा हिशेब करा. झाकण साधारण दीड मीटर बाय दीड मीटर, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर त्या झाकणावर सव्वादोनशे लिटर पाणी पडतं. दहा-अकरा बादल्या. सगळं वरून घरंगळून जात नाही. जोडांतून, कडांतून थोडं पाणी आत उतरतंच, आणि बनवणारे ते गृहीत धरूनच झाकण बनवतात. आतल्या बाजूने पन्हळ असते, पन्हळीतून बोटाएवढी नळी निघते आणि ती हौद्याच्या तळातून बाहेर सोडलेली असते. "वॉटरप्रूफ" हा शब्द ऐकला की मी नळ्या किती आणि त्या कुठे सोडल्यात तेवढंच विचारतो.

घडीच्या झाकणात पाणी शिरायची मुख्य जागा म्हणजे फळ्यांमधला जोड आणि क्लॅम्पखालचं रबर. रबर दबून चपटं झालं की थेंब पडू लागतात, आणि नेमकं कुठून पडतंय ते टॉर्च घेऊन आत वाकलं की दिसतं. रबर बदललं की काम झालं. शटरमध्ये प्रत्येक दोन पट्ट्यांमधे सांधा, म्हणजे सांधे कितीतरी जास्त. त्यात ओलं शटर गुंडाळलं की पट्ट्यांवरचं पाणी पेटीत जातं. पेटीच्या नळ्या मोकळ्या असतील तर काहीच त्रास नाही.

भाऊजींची गाडी सोनमोहराच्या झाडाखाली उभी असते, शेजारी पर्जन्यवृक्ष. पावसाच्या तोंडावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा, वर पर्जन्यवृक्षाची नखाएवढी पानं. शटर उघडताना हे सगळं आत ओढलं जातं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पेटीची नळी या लगद्याने तुंबली. पेटी काठोकाठ भरली आणि सिग्नलला ब्रेक मारल्याबरोबर सगळं पाणी नव्या एसीच्या खोक्यांवर. पुठ्ठा भिजून हातात आला. विकणाऱ्याने नळ्या साफ कराव्या लागतात हे सांगितलंच नव्हतं. आता दर रविवारी सकाळी ताई त्यांना सायकलचा पंप घेऊन खाली पाठवते. नळीत हवा मारली की पिवळा चिखल बाहेर. पन्हळीतली रेतीही अशीच काढावी लागते, नाहीतर शटर वाकडं ओढलं जाऊन मधेच अडकतं.

दोन्ही झाकणांत आणखी एका वाटेने पाणी येतं, ती म्हणजे फाळक्याची फट. ती झाकणाच्या माथी मारू नका. फाळक्याला वेगळी रबरपट्टी लावावी लागते. कुलपाचंही तसंच. झाकण कितीही टणक असलं तरी फाळक्याला कुलूप नसेल तर चोर सरळ फाळका पाडून आत हात घालेल. बहुतेक गाड्यांत झाकण उघडायची कळ फाळक्याच्या आत असते, म्हणून फाळक्याचं कुलूप चालतं का ते आधी बघा.

झाकणावर वजन ठेवता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकी बनावटीच्या काही घडीच्या झाकणांना 400 पौंड, म्हणजे साधारण 180 किलो चालतं असं लिहिलेलं असतं. ते वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर. एका टाचेवर उभा राहिलेला माणूस म्हणजे पसरलेलं वजन नव्हे. गणपतीत आमच्या गल्लीतली पोरं मिरवणूक बघायला माझ्या झाकणावर चढली होती, तेव्हापासून मी त्या दिवसांत गाडी लांब लावतो.

पार्किंगची जागा मोजा. व्ही-क्रॉस काय किंवा टोयोटाची हायलक्स काय, लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे, रुंदीही दांडगी, त्यामुळे दोन्ही बाजूंना हातभरच जागा उरते. घडीचं झाकण पूर्ण उघडायला गाडीच्या बाजूने पुढे जावं लागतं, दुसरी फळी हाताला यावी लागते. शेजारची गाडी चिकटून असेल तर तेवढं आत शिरता येत नाही. शटरला मागे उभं राहायला दोन फूट मिळाले की झालं. हा शटरचा खरा फायदा, आणि खांबांमधल्या पार्किंगमध्ये राहणाऱ्याने तो हलका समजू नये.

बसवण्याआधी दोन अडथळे असतात. हौद्याच्या काठावरून वळलेलं प्लॅस्टिकचं लायनर असेल तर क्लॅम्पला पकड मिळत नाही, ते कापावं लागतं. आणि हौद्यावर आधीच रोल बार, म्हणजे केबिनमागची नळ्यांची कमान लावली असेल तर झाकण आणि बार दोन्ही एकत्र बसतात का, हे दुकानात प्रत्यक्ष लावूनच बघायचं. वरळी-माहीमकडे समुद्रासमोर गाडी उभी राहत असेल तर स्क्रू बघा. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू आणि त्यावर खारी हवा, म्हणजे स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरून तो तिथेच जाम होतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी पुन्हा घडीचंच घेईन, फक्त या वेळी काचेला टेकून उभं राहणारं. वस्तू बदलत राहतात, कधी फ्रिज, कधी आंबे, कधी भाचीची सायकल, आणि झाकण काढून ठेवता येणं मला हवं आहे. रोज तेच सामान, रोज वीसदा उघडझाप आणि नळ्या साफ करायची शिस्त असेल तर भाऊजींसारखं शटर घ्या.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच दोन बादल्या पाणी मागा. हौद्यात वर्तमानपत्र अंथरा, झाकण लावा, पाणी हळूहळू ओता, मग गाडी पाच-पन्नास फूट चालवून जोरात ब्रेक मारायला सांगा. कागद कुठे भिजलाय ते बघून मगच गूगल पे उघडा.