दहावीतला डार्विन आणि डोव्हरचा खटला

ऐरोलीतल्या एखाद्या सोसायटीत दहावीची दोन मुलं शेजारी राहत असतील, एक राज्य मंडळाचं आणि एक सीबीएसईचं, तर त्यांची विज्ञानाची पुस्तकं उघडून पाहा. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २'चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. सीबीएसईच्या मुलाच्या हातातल्या एनसीईआरटीच्या पुस्तकात २०२३ पासून नुसती 'आनुवंशिकता'. अभ्यासाचा भार कमी करण्याचं कारण दिलं गेलं. १८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. असा विषय निघाला की 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं घडवले हे मत, हमखास येतं. हे नाव मात्र प्रयोगशाळेतून आलेलं नाही. ते घडलं अमेरिकेतल्या कोर्टांच्या धाकानं.

कल्पना जुनीच. माळरानावर घड्याळ सापडलं तर ते घडवणारा कुणीतरी असणार, हा विल्यम पॅलीचा युक्तिवाद १८०२ मधला. १८५९ मध्ये डार्विननं त्यावर उत्तर दिलं: पिढ्यान्‌पिढ्यांची नैसर्गिक निवड हे काम घडवणाऱ्यावाचून करू शकते.

भांडण शाळेत शिरलं ते १९२५ मध्ये. टेनेसीत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशी बंदीच घटनाबाह्य ठरवली. मग बायबलमधल्या सृष्टीच्या निर्मितीला 'सृष्टिविज्ञान' असं नाव देऊन वर्गात उत्क्रांतीच्या बरोबरीचा वाटा मागितला गेला. १९८७ मध्ये तोही दरवाजा बंद झाला, कारण सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्याच सुमारास 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पाठ्यपुस्तक तयार होत होतं. १९८७ च्या निकालानंतर मसुद्यातले 'सृष्टिवादी' रातोरात 'डिझाइनचे समर्थक' झाले. शब्द बदलताना एके ठिकाणी जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहिलं, नवा शब्द मध्ये कोंबला गेला. पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळानं जीवशास्त्राच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइन आणलं म्हणून ११ पालकांनी त्याच्यावर दावा लावला, तेव्हा हा अर्धवट शब्द कोर्टापुढे आला. संक्रमणावस्थेतला, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात जातानाचा, जीवाश्म म्हणतात तो हाच!

मंडळाच्या बाजूनं साक्षीला होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. उंदराच्या सापळ्यातला एक भाग काढला तर सापळा निकामी होतो. जिवाणूची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, तशीच, ती टप्प्याटप्प्यानं कशी होणार, असा त्यांचा सवाल. उत्तर असं मिळालं, की त्या शेपटीच्या भागांशी नातं सांगणारी रचना प्लेगच्या जंतूतही आहे, आणि तिथं ती विषारी प्रथिनं टोचायच्या कामी येते. उलटतपासणीत बीहींनी मान्य केलं, की विज्ञानाची त्यांची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल. (आपल्याकडे हे कुणी अभिमानानं सांगितलं असतं.) २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, असं बजावलं.

'अर्ध्या पायाचा उपयोग काय?' हा उत्क्रांतीच्या विरोधकांचा प्रश्न तर ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला जाऊन विचारावा. तिवरांच्या चिखलात निवटी हा मासा परांवर सरकत असतो, ओल्या कातडीनं श्वास घेतो. निवटी आपली पूर्वज नव्हे, पण अर्धं-मुर्धं चालणंही पोट भरायला पुरतं हे ती रोज दाखवते.

आपल्याकडचा विरोध निराळ्या सुराचा. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम दाखवून 'हे आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणणारेच अधिक. नाकारणारेही आहेत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री, आणि त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडलं.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा अजून आहे. सीबीएसईचं ते मूल अकरावीला सायन्सला जाऊन जीवशास्त्र घेईल, तर त्याला डार्विन भेटेल. कॉमर्सला गेलं तर नाही.